दोन टिचक्यांमधलं अंतर

६ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्यानं द्यायची गरज नाही. शिल्लक संपली की सांग.

बातमी अशी की तुझ्या मामानं कॉम्प्युटर घेतला. हसून झालं की पुढे वाच. शेजारचं ऑफिस जागा सोडून गेलं, त्यांनी जाताना काढून टाकलेला. दुकानातल्या कामाच्या टेबलाशेजारी ठेवलाय. कारणही सांगतो. घड्याळदुरुस्ती शिकवणारी जी प्रशिक्षण शाळा आहे ना, तिच्या प्राचार्यांना दोन वर्षांसाठी शिक्षक हवाय. कुणीतरी माझं नाव सुचवलं. २८ तारखेला वर्गासमोर एक पाठ घेऊन दाखवायचा, आवडला तर काम माझं. पण पाठ भिंतीवर चित्रांसकट दाखवायचा, खडू-फळा नाही. म्हणून हे धूड घरात आलं.

हे काम मला मिळालंच पाहिजे. का, ते तुला माहीत आहे. तुझी आई माझ्या मागे हात धुऊन लागली आहे. 'दुकान बंद कर, इकडे ये.' मागच्या खोलीला रंग दिला, पडदे लावले. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि मला अजून सहा वर्षांचाच समजते. शाळेचं काम मिळालं तर तिची बोलती बंद. नाही मिळालं, तर एप्रिलात मी त्या खोलीत पडद्यावरची फुलं मोजत बसलेला असेन. तिला यातलं अक्षर सांगू नकोस.

आता अडचण. घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की सगळी चाकं समोर दिसतात. या पठ्ठ्याचं झाकणच सापडत नाही. याचा वेग, याची वळणं कुठून बदलतात? मला एवढंच हवंय की मी दोनदा टिचकी मारली की ती त्यानं एक जोडी समजावी. सध्या तो माझ्या दोन टिचक्यांना दोन परकी माणसं समजतो.

फोनवर सांगू नकोस. फोनवरचं एका कानानं आत जातं आणि माउस शोधेपर्यंत दुसऱ्यानं बाहेर पडतं. कागद कीबोर्डला टेकून उभा राहतो.

ददददुकान जोरात आहे.

मामा


५ मार्च

मामा,

नमस्कार घे, आणि आधी हे सांग की तुझं सहा तारखेचं पत्र मला पाच तारखेला कसं मिळालं? पोस्टानं प्रगती केली असं म्हणावं, तर ही जरा जास्तच झाली.

दुसरं, पत्र छापून का? तुझ्या अक्षरासाठी मी तुझी पत्रं जपून ठेवते. आणि दुकान चार द लावून जोरात आहे, हे वाचून मी ऑफिसात मोठ्यानं हसले. सरावाला पत्र लिहितोयस, समजलं. चालू दे.

आता झाकण. आमच्या ऑफिसात तीन मजल्यांवर दीडशे माणसं आहेत आणि त्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. दिवसातून दहा वेळा मला हेच विचारतात: ते कुठे गेलं? लोक चित्राची जागा पाठ करतात. चित्र हललं की माणूस हरवला. म्हणून माझा एकच मंत्र: जागा पाठ करू नकोस, नाव पाठ कर. नावानं हाक मारली की हवी ती पेटी समोर येते.

सोपा रस्ता असा. कीबोर्डच्या खालच्या ओळीत खिडकीचं चित्र असलेली एक कळ आहे. ती दाब, सोड, आणि काहीही न शोधता सरळ लिहायला लाग: सेटिंग्ज, किंवा माउस, किंवा तारीख, जे हवं ते. यादी येईल, त्यातलं पहिलं बहुधा आपलंच असतं. एंटर दाब.

दुसरा रस्ता, तीच खिडकीची कळ धरून एक्स दाबायचा. कोपऱ्यात एक उभी यादी उघडते. ती आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांची यादी, सगळी अवजारं एका जागी.

तिसरा रस्ता मागच्या दाराचा. खिडकीची कळ धरून आर. एक लहानशी पेटी उघडते, तिच्यात अवजाराचं पाळण्यातलं नाव लिहायचं. माउसचं नाव आहे मेन डॉट सीपीएल. इंग्रजीत लिही. कीबोर्ड मराठीत ठेवून लिहिलंस तर तो 'असं काही सापडत नाही' म्हणेल, आणि त्याचं बरोबरच असेल. एंटर दाबलं की माउसची पेटी. पहिल्याच पानावर एक पट्टी आहे, एका टोकाला हळू, एका टोकाला जलद. हळूकडे थोडी सरकव. शेजारी एक फोल्डरचं चित्र आहे, त्यावर दोनदा टिचकी मारून बघ. उघडलं की जमलं.

तुझं नवशिकेपण दोन आठवड्यांत जाईल. मग पट्टी परत मधे आणून ठेव.

आणि कोपऱ्यातली तारीख बघ. तू तिथे काही हात लावलास का?

तुझी
भिंगरी


१२ मार्च

भिंगरे,

उघडलं! तिसऱ्या रस्त्यानंच गेलो. पुढच्या दारानं गिऱ्हाईक जातं, कारागीर मागच्या दारानं. आर दाबला, नाव लिहिलं, एंटर, आणि पेटी हजर. कोपऱ्याच्या यादीत जाऊन आणखी सतरा पेट्या उघडून पाहिल्या. घाबरू नकोस, मी जे उघडतो ते ज्या क्रमानं उघडलं त्याच्या उलट्या क्रमानं बंद करतो. एक स्क्रू इकडचा तिकडे झालेला नाही. मला वाटलं होतं हे काहीतरी विलायती गौडबंगाल असेल. घड्याळापेक्षा सोपं आहे. इथे उडालेली कमान, तुमची स्प्रिंग, शोधायला जमिनीवर रांगावं लागत नाही.

आता तारखेचं. तारीख अगदी बरोबर आहे, कारण ती मी स्वतः लावली आहे. तुम्ही आयत्या वेळेवर जगणारी माणसं, तुम्हाला हे ठाऊक नसतं म्हणून सांगतो. चावीच्या घड्याळातलं तारखेचं चाक एकतीस दातांचं असतं. त्याला महिना कळत नाही. फेब्रुवारी अठ्ठावीसला संपला तरी ते बिचारं एकोणतीस दाखवतं. म्हणून चाळीस वर्षं दर एक मार्चला सकाळी दुकान उघडल्यावर माझं पहिलं काम ठरलेलं: कपाटातल्या प्रत्येक घड्याळाची तारीख तीन घरं पुढे. या वर्षी अकरा होती. अकराही केली. आणि कॉम्प्युटर बारावा. त्याची वेळ म्हणे कुठूनतरी आपोआप येते, ते आधी बंद केलं. घड्याळजीच्या दुकानात वेळ बाहेरून मागवायची म्हणजे सुताराच्या घरी स्टूल भाड्यानं आणण्यासारखं. मग त्याचीही तारीख तीन घरं पुढे

थांब.

आत्ता कोपऱ्यात बघितलं. समोर अकरा घड्याळं असताना त्या इवल्याशा आकड्यांकडे मी बघतो कशाला? आज नऊ आहे. तो बारा म्हणतोय.

वरची तारीख तशीच ठेवतो, पुरावा म्हणून. हस. मीही हसलो, एकटाच, शटर अर्धं खाली होतं म्हणून बरं.

बरं, आणखी एक. अक्षर एकदा दाबलं की चार येतात. त्याची पट्टी कुठे असते?

मामा


१२ मार्च

मामा,

माझी तारीख खरी आहे, अकराही घड्याळांना विचारून बघ.

मी तुझं पत्र आमच्या विभागात वाचून दाखवलं. माफ कर, राहवलं नाही. एक जण म्हणाला की या माणसाला आपल्याकडे घ्या, निदान चूक का झाली ते याला सांगता तरी येतं.

पण चेष्टा पुरे. ती वेळ आपोआप येऊ दे, आणि यात मान-अपमान आणू नकोस. तू २८ तारखेची आठवण त्यात लावून ठेवली असशील. ती पंचवीसला वाजेल आणि तू अवजारांची पेटी घेऊन रिकाम्या वर्गासमोर उभा राहशील. मागच्या दारानं जा: टाइमडेट डॉट सीपीएल. इंटरनेटच्या वेळेचं पान काढ, तिथल्या चौकोनात खूण कर. झालं की कीबोर्डवरची प्रिंट स्क्रीन नावाची कळ दाब, पेंट नावाचा चित्रकलेचा कागद उघडून त्यावर ते चिकटव आणि छापून मला पाठव. तुझ्या शब्दावर विश्वास आहे, तुझ्या अभिमानावर नाही.

अक्षरांचं असं: मागच्या दाराच्या त्याच पेटीत कंट्रोल लिही, जागा सोड, कीबोर्ड लिही. पहिली पट्टी म्हणजे कळ दाबून धरल्यावर अक्षर पुन्हा यायला किती वेळ लागावा. ती लांबकडे ने.

मला वाटतं खरं दुखणं डोळ्यांचं आहे. कळ नीट दिसत नाही म्हणून बोट रेंगाळतं, बाण दिसत नाही म्हणून टिचकी चुकते. भिंग लावून चाळीस वर्षं काढलीस, डोळे तरी किती सोसतील? सेटिंग्जमध्ये अक्षर मोठं करायची सोय आहे, बाणही मोठा होतो. आणि चष्म्याचा नंबर तपासून घे. आई रोज विचारते मामाचं दुकान कसं चाललंय म्हणून. मी 'जोरात' म्हणते.

भिंगरी


१६ मार्च

भिंगरे,

वेळ आपोआप केली. छापलेला पुरावा सोबत आहे. घड्याळजीच्या दुकानात उसनी वेळ, पण तुझ्या समाधानासाठी.

डोळ्यांबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. परवा मोहरीएवढ्या चाकावर कोरलेला कारखान्याचा शिक्का मी भिंगाशिवाय वाचला. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. अक्षर मोठं करायची गरज नाही, बाण दिसतो, सगळं दिसतं. पाठाची तेवीस चित्रं तयार झाली. प्राचार्यांचं पत्र आलं, वर्गात सोळा जण असतील.

घाईत आहे, गिऱ्हाईक आलंय.

मामा


१९ मार्च

मामा,

पुरावा मिळाला. तू फक्त तारखेची पेटी छापायला हवी होती, तू सगळा पडदा छापलास. तारखेच्या मागे आणखी तीन पेट्या उघड्या होत्या. उलट्या क्रमानं बंद करायच्या राहून गेल्या बहुतेक.

माउसची पट्टी मी 'थोडी' सांगितली होती. ती अगदी टोकाला आहे. बाणाचा वेगही सगळ्यात कमी. आणि कीबोर्डची ती सोय चालू आहे, जी मी तुला कधी सांगितली नाही, जी बोट चुकून पुन्हा लागलं तर दुसरा दाब मोजतच नाही. ती तू स्वतः शोधून काढलीस.

आमच्या रेकॉर्ड विभागातल्या एका बाईंचं मशीन मी गेल्या वर्षी असंच लावून दिलं. पट्टी पट्टीला जुळते. त्यांचे डोळे उत्तम आहेत.

मामा, हात कधीपासून थरथरतात?

मी एवढी या कामातली, आणि दोन आठवडे तुला नवशिका समजत होते, डोळे म्हणत होते. मला माझाच राग आला. पण तुझाही आला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवलंस? तेही माझ्यापासून? तुझं अक्षर का बंद झालं ते आता कळलं. ऑफिसातून घरी येताना मी रडले. लिहून टाकते, म्हणजे तू 'रडली नसशील ना' असं विचारायला नको.

डॉक्टरांना दाखवलंस का? दुकान खरंच चालू आहे का? या दोन प्रश्नांची खरी उत्तरं दे. आईला मी काही बोललेली नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

मी २८ ला रजा टाकते. तुझ्या शेजारी बसेन, माउस मी धरेन, तू फक्त बोल.

भिंगरी


२४ मार्च

भिंगरे,

चार दिवस हे पत्र मनातच लिहीत होतो.

खरं सांगतो. गेल्या वर्षीच्या जूनपासून. आधी उजवा, मग डावा. डॉक्टरांना दाखवलं, एकाला नाही, दोघांना. दोघांचं म्हणणं सारखं: जिवाला धोका नाही, काही जणांचे हात या वयात असे होतात, औषधानं थोडं कमी होईल, जाणार नाही. औषध घेतो.

दुकान आठ महिने बंद आहे. बंद म्हणजे शटर अर्धं उघडं असतं आणि मी आत बसतो. एका बाईंनी त्यांच्या वडिलांचं मनगटी घड्याळ आणलं होतं. घड्याळाचा ठोका धरणारं बॅलन्सचं चाक चिमट्यातून उडालं. चाळीस वर्षांत माझ्या चिमट्यातून काही उडालं नव्हतं. चाक सापडलं, पण त्याची केसाएवढी कमान वाकली होती. ते घड्याळ मी दुसऱ्या कारागिराकडून करून आणलं आणि त्या बाईंना काही बोललो नाही. त्यानंतर एकही काम घेतलं नाही. गिऱ्हाईक आलं की 'हातात फार काम आहे' म्हणतो. १६ तारखेला कुणी आलं नव्हतं. तुझं पत्र संपवायचं होतं.

तुझ्यापासून लपवलं कारण तू ताईची मुलगी आहेस. ताईला कळलं तर ती त्याच दिवशी येईल, माझी बॅग भरेल, आणि मी तिच्यासमोर नाही म्हणू शकणार नाही, कारण ती प्रेमानंच करत असेल. पण मला त्या खोलीत जायचं नाही गं. मला अजून काम करायचंय. मला जे येतं ते माझ्या हातांबरोबर संपून जाऊ नये, एवढंच मला वाटतं, आणि फार वाटतं.

रजा टाकू नकोस. भाचीनं हात धरून आणलेला मास्तर कोण ठेवून घेईल? रागावू नकोस. तू रडलीस ते वाचून मलाही बरं वाटलं नाही, आणि थोडं बरंही वाटलं.

मामा


२६ मार्च

मामा,

रागावले नाही. रजा टाकत नाही. पण रिकाम्या हातानं तुला जाऊ देणार नाही.

नीट वाच. कुणाला काही कळणार नाही अशी व्यवस्था करू. पाठाच्या फाइलवर दोनदा टिचकी मारून ती उघड, तुझ्या माउसवर ते जमतंच. एफ फाइव्ह दाबला की चित्र पडदाभर. त्यानंतर माउसला हात लावू नकोस. पुढचं चित्र हवं की स्पेसची लांब पट्टी. ती एवढी लांब असते की कुठेही बोट पडलं तरी चालतं. एक हात पट्टीवर, दुसरा खिशात. रुबाबदार दिसशील. तेवीस चित्रं, तेवीस दाब, नमस्कार, आणि बाहेर.

घरी पाच वेळा करून बघ. मी काल ऑफिसात करून पाहिलं, एकदाही माउस लागला नाही.

आईचं तूच ठरव. मी तोंड उघडणार नाही. पण ज्या दिवशी ठरवशील त्या दिवशी तूच सांग, माझ्याकरवी नको.

जिंकून ये.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरे,

काल झालं. पण आधी तुझ्यावर रागावून घेतो, आणि निम्मं स्वतःवर. तू कॉम्प्युटरची एवढी मोठी जाणकार, मी एवढा मोठा कारागीर, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही की शाळेचं मशीन शाळेचं असतं! माझ्या सगळ्या पट्ट्या माझ्या दुकानात राहिल्या. मी फाइल तेवढी खिशात घालून गेलो.

टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर, त्यांचा माउस. पडद्यावर दिसतं ते सगळं समोरच्या भिंतीवर, माणसाएवढं मोठं. सोळा जण बसलेले, सगळे मोठे, दुसरी कामं करून आलेले. प्राचार्य शेवटच्या बाकावर, वही उघडून. मी फाइलवर दोन टिचक्या मारल्या. काही नाही. पुन्हा मारल्या, तर फाइलचं नावच बदलायला निघालं. तिसऱ्यांदा बाण सटकला आणि भिंतभर भिरभिरला. पुढच्या बाकावर कुणीतरी खोकलं. प्राचार्य उठून उभे राहिले. म्हणाले, "सर, मी उघडून देऊ का?"

हो म्हटलं असतं तर तुझी व्यवस्था तिथून पुढे चालली असती. फाइल त्यांनी उघडली असती, मी स्पेस दाबत राहिलो असतो, एक हात खिशात. कुणाला कळलं नसतं. पण मला एकदम चीड आली. चाळीस वर्षं मी माझं कुठलंही हत्यार आधी माझ्या हाताला लावून घेतलं आहे, मग काम सुरू केलं आहे. माझ्या पाठाच्या पहिल्या चित्राखाली हेच लिहिलेलं. आणि मी दुसऱ्याला माउस देऊन बाजूला उभा राहू?

"नको," म्हटलं. "एक मिनिट. मशीन आधी हाताला लावून घेतो."

माउस सोडला. खिडकीची कळ, आर, मेन डॉट सीपीएल, एंटर. पेटी भिंतीवर उघडली. टॅब दाबत पट्टीवर गेलो, बाणाच्या कळीनं पट्टी डावीकडच्या टोकाला नेली. पुढचं पान काढलं, बाणाचा वेग खाली आणला. दोन जादा अक्षरं आली ती पुसली, बाकी एकदाही अडखळलो नाही. प्राचार्य पुढे येऊन बघत होते. म्हणाले, "हे कुठून उघडलंत? चार वर्षं हे मशीन आमच्याकडे आहे." मी म्हटलं, "मागच्या दारानं."

तेव्हा दुसऱ्या बाकावरचा एक जण, पूर्वी लेथवर काम करणारा, रुंद मनगटांचा, त्यानं सरळ विचारलं, "पण सर, इतकं हळू कशाला?"

पट्टी भिंतीवर टोकाला गेलेली, सगळ्यांना दिसत होती. मी दोन्ही हात वर करून धरले. म्हटलं, "हे बघा. माझे हात थरथरतात. आठ महिने मी कुणाचं घड्याळ उघडलेलं नाही. कसं उघडायचं ते मला नीट माहीत आहे, पण माझे हात आता ते करणार नाहीत. तुमचे हात चांगले असतील तर आपलं जमेल."

सांगून टाकलं, आणि अंगावरून ओझं उतरलं गं. मग फाइलवर दोन टिचक्या मारल्या, माझ्या चालीनं, आणि ती उघडली. पाठ घेतला. चांगला झाला. माउसही वापरला, हवा तेव्हा.

पाठ संपल्यावर प्राचार्यांनी खिशातून त्यांचं स्वतःचं बंद पडलेलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "बोलणं ऐकलं. आता हे." मी त्या लेथवाल्याला पुढे बोलावलं. बोटं इतकी जाड की चिमटा त्यांत हरवला. चाळीस मिनिटं मी त्याच्या शेजारी उभा होतो, घड्याळाला बोट न लावता. करंगळी कुठे टेकवायची, श्वास कधी धरायचा, स्क्रू कागदावर कुठल्या क्रमानं ठेवायचे, चाक सुटताना बोटाला काय जाणवतं. हे सगळं मला येतं हेच मला माहीत नव्हतं. आजवर हात परस्पर करून टाकत होते, तोंडाला कधी सांगायची वेळच आली नव्हती. बाकीचे पंधरा जण भोवती गोळा झाले. वाळलेलं तेल आणि एक धाग्याचा तुकडा, एवढाच रोग निघाला. साफ केलं, जुळवलं, चावी दिली. चाललं. लेथवाला इतका घामाघूम झाला होता की त्याला खुर्ची द्यावी लागली. त्यानं ते घड्याळ माझ्यासमोर धरलं. मी हात पुढे केला, घेतलं आणि कानाशी नेलं. हात थरथरत होता. सोळा जण बघत होते. मी तो मागे घेतला नाही.

एक तारखेपासून, दोन वर्षं. प्राचार्यांनी तिथेच सांगितलं. एक अट घातली, पहिल्या दिवशी त्यांना मागचं दार शिकवायचं.

संध्याकाळी ताईला फोन केला. मीच. हातांचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं, त्या बाईंच्या घड्याळाचंसुद्धा सांगितलं, मग शाळेचं. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडत असावी, पण ती कबूल करणार नाही, तू विचारू नकोस. मी म्हटलं, "ताई, मी तिकडे येणार नाही. सुट्टीत येईन, राहीन, पण कायमचा नाही." तिनं विचारलं, "वर्ग किती वाजता असतो?"

"नऊला," मी म्हटलं.

"मग मी आठला फोन करत जाईन. उठलास की नाही बघायला."

आज सकाळी आठला तिनं केलासुद्धा. वर्ग बुधवारी सुरू होतोय, आणि आज रविवार आहे.

तुझा
मामा